खिडकी कुणी बंद करायची?

आधी एक विनंती. मंडपाबाहेरच्या खांबावर जो कर्णा बांधलाय, त्याचं तोंड दरीकडे आहे. तिकडे आमचा एकही श्रोता नाही. तो बंद केला तरी चालेल. मंडपातले दोन स्पीकर पुरेत. मागच्या रांगेत ऐकू येतंय ना? येतंय. छान. मग आजचं अर्धं व्याख्यान झालंच असं समजा. (हशा)

संयोजकांनी विषय विचारला तेव्हा आम्ही म्हणालो, ‘खिडकीचं शटर आणि आवाज.’ त्यांना वाटलं, सर थट्टा करताहेत. तत्त्वज्ञानाचा माणूस कपिलधारला येणार, मन्मथस्वामींच्या समाधीपाशी बोलणार, आणि विषय काय, तर शटर! पण आम्ही थट्टा करत नव्हतो. ज्या गोष्टीपायी आम्ही पैसे घालवले आणि झोपही घालवली, तिच्यावर विचार करण्याचा आम्हाला अधिकार आहे, असं आम्हाला वाटतं.

झालं असं. आमच्या घराची एक खोली रस्त्याकडे आहे. रात्री मालट्रक जातात, हंगामात उसाचे ट्रॅक्टर जातात, त्यांच्यावर गाणी असतात, आणि लग्नसराईत तर डीजे असतोच. एका दुकानदाराने सुचवलं, खिडकीला बाहेरून रोलिंग शटर बसवा. दुकानाचं असतं तसं जाड पत्र्याचं नव्हे, घरासाठीचं: अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या, आत फोम भरलेला, वर पेटी, पट्टा ओढला की खाली येणारं. ‘सर, साउंडप्रूफ होईल,’ असा शब्द त्याने वापरला. आम्ही बसवलं. पहिल्या रात्री शटर खाली ओढलं. अंधार उत्तम झाला, आणि त्या अंधारात ट्रक पूर्वीसारखाच ऐकू आला. हॉर्नची धार थोडी बोथट झाली होती, एवढं कबूल करतो. पण डीजेचा तो धप्‌ धप्‌ ठोका जरा जास्तच घुमतोय, असं वाटलं. घरातले म्हणाले, वय झालंय, भास होतात. भास नव्हता. त्यामागे कारण होतं, आणि ते शोधता शोधता आम्ही या व्याख्यानापर्यंत आलो.

तेव्हा आज आम्हाला ‘साउंडप्रूफ’ या शब्दाची चिकित्सा करायची आहे. शब्दापासून सुरुवात करू आणि शब्दामागच्या नीतीपर्यंत जाऊ.

आपल्याकडचे नैयायिक शब्दाला आकाशाचा गुण मानत. कान म्हणजे तरी काय? कानाच्या पोकळीने मर्यादित झालेलं आकाशच. आणि शब्द पसरतो कसा, यासाठी त्यांनी दोन दृष्टान्त दिले: पाण्यावरच्या लाटेसारखा, किंवा कदंबाच्या कळीसारखा, म्हणजे एकाच वेळी सगळ्या दिशांना. आजचं ध्वनिशास्त्र आकाश हे द्रव्य मानत नाही, ते हवेच्या कंपनांबद्दल बोलतं. पण खिडकी बसवणाऱ्या मिस्त्रीला त्या जुन्या सिद्धान्तातून एक गोष्ट नक्की शिकता येईल: जिथे अवकाश, तिथे आवाज. फट कुठे आहे ते आधी बघा, काच किती जाड आहे ते नंतर बघा.

हिशेब करून पाहू. चार फूट बाय चार फूट, म्हणजे साधारण 1.2 मीटर बाय 1.2 मीटरची खिडकी घ्या. तिचा परिघ 4.8 मीटर. चारही बाजूंनी चौकटीत 3 मिलिमीटरची फट राहिली, तर फटीचं क्षेत्रफळ खिडकीच्या बरोबर 1 टक्का होतं. एक टक्का म्हणजे काहीच नाही असं वाटतं. पण आता समजा, काच इतकी भारी आहे की तिच्यातून काहीच आवाज येत नाही. तरी फटीतून शंभरातला एक हिस्सा ध्वनी आत येणार. शंभरावा हिस्सा म्हणजे 20 डेसिबलची घट. बस्स, ढोबळमानाने तुमच्या खिडकीची ही कमाल मर्यादा. काच चार मिलिमीटरची लावा की बारा मिलिमीटरची, 20 च्या पुढे फारसं जाता येणार नाही. फट 3 मिलिमीटरवरून 0.3 वर आणली, तर मर्यादा 30 होते. दहा डेसिबल कमी झाले की साधारणपणे कानाला आवाज निम्म्यावर आल्यासारखा वाटतो. हे काम रबराच्या पट्टीने होतं, आणि ती हार्डवेअरच्या दुकानात शटरपेक्षा कितीतरी स्वस्त मिळते.

आपल्या बहुतेक घरांत आता सरकत्या खिडक्या आहेत. सरकायचं म्हणजे रुळात सैल असायला हवं, आणि सैल असलं की फट आलीच. जुनी कब्जाची, दाबून कडी लावायची खिडकी या बाबतीत बरी. ती चौकटीवर दाबून बसते.

आता शटर. काचेचं वजन मिलिमीटरमागे दर चौरस मीटरला अडीच किलो. म्हणजे साधी 4 मिलिमीटरची काच 10 किलोची. फोम भरलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या चौरस मीटरला तीन-चार किलोच्या आसपास. आवाज अडवण्याचं काम मुख्यतः वजन करतं. वजन दुप्पट केलं तर पाच-सहा डेसिबल मिळतात. मग काचेच्या निम्म्याहूनही हलका, पट्ट्यापट्ट्यांचा, सांध्यासांध्यांत फटी असलेला पडदा किती अडवणार? फोम उष्णतेला अडवतो. आवाजाच्या बाबतीत त्याच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. त्याचा मुख्य गुण हलकेपणा, आणि इथे हवं वजन.

पण घुमण्याचं काय? त्याचं उत्तर शटर आणि काच यांच्यामधल्या जागेत आहे. दोन पडदे, मध्ये कोंडलेली हवा. ती हवा स्प्रिंगसारखी वागते. वजन, स्प्रिंग, वजन अशी ही जोडी एका ठरावीक कंपनसंख्येला स्वतःच डोलायला लागते, आणि त्या सुराला दोन पडदे मिळून एका पडद्यापेक्षाही कमी अडवतात. 10 किलोची काच, साडेतीन किलोचं शटर आणि मध्ये 5 सेंटिमीटर अंतर धरलं, तर हा सूर सेकंदाला साधारण 165 कंपनांवर येतो. अंतर 20 सेंटिमीटर केलं, तर 80 च्या आसपास उतरतो. शटरच्या फटींमुळे प्रत्यक्षात हा परिणाम थोडा विरतो, पण दिशा तीच. ट्रकच्या इंजिनाची घरघर आणि डीजेचा ठोका याच खालच्या पट्टीत असतात. म्हणजे शटर काचेला जितकं चिकटून, तितका धोका जास्त. आमचं शटर काचेपासून चार बोटांवर होतं. भास नव्हता म्हणालो, तो यामुळे.

आणि वरची पेटी! शटर गुंडाळून ठेवायला लिंटेलपाशी भिंतीत जागा करावी लागते. जिथे नऊ इंची विटांची भिंत होती, तिथे पातळ पत्र्याचा पोकळ डबा येतो. त्याला खाली शटर सुटायची लांब खाच, आणि बाजूला पट्ट्यासाठी भोक. आवाज थांबवायला म्हणून आपण भिंत फोडली आणि तिथे डबा बसवला. हा शुद्ध वदतोव्याघात आहे. ‘माझी आई वांझ आहे’ असं म्हणण्यासारखं. (हशा)

आता शटरवर अन्याय नको. त्याचे गुण आहेत. ऊन अडतं, चोर अडतो, वळवाचा पाऊस अडतो. काचेपासून लांब बसवलं, कडांना ब्रश किंवा रबर लावलं, पेटीला आतून जड अस्तर दिलं, तर आवाजातही काही डेसिबलचा फायदा होतो. जर्मनीत असं शटर पिढ्यान्‌पिढ्या घराघरांत आहे, आणि तिथल्या अभियंत्यांनी हा विषय गंभीरपणे हाताळला आहे. खिडक्यांच्या ध्वनिरोधाबद्दल त्यांच्याकडे स्वतंत्र मार्गदर्शिका आहे. पण आम्हाला त्याहून महत्त्वाचा वाटला तो त्यांचा कायदा. 1974 पासून तिथे अशी तरतूद आहे की नवा रस्ता केल्यामुळे घरापाशी आवाजाची मर्यादा ओलांडली जात असेल, तर खिडक्या सुधारण्याच्या खर्चाची भरपाई घरमालकाला रस्ता बांधणाऱ्याकडून मागता येते. 1997 च्या नियमावलीत घराचे कोणते भाग यात धरायचे ते सांगितलंय, आणि त्यात शटरच्या पेटीचाही उल्लेख आहे. म्हणजे जो आवाज आणतो, त्याच्या हिशेबात पेटी. आमच्याकडे पेटीचं बिल आम्ही भरलं.

इथून आमचा खरा मुद्दा सुरू होतो.

जागतिक आरोग्य संघटनेने 1999 मध्ये काही मार्गदर्शक आकडे दिले. रात्री झोपायच्या खोलीत सरासरी 30 डेसिबलपेक्षा जास्त आवाज नको. त्यासाठी खिडकीबाहेर 45 पेक्षा जास्त नको. मधले 15 कुठे गेले? ती घट अर्धवट उघडी खिडकी देते, असं त्यांनी धरलंय. हे नीट ऐका. तो 45 चा आकडा उघड्या खिडकीचा आकडा आहे. माणसाला खिडकी उघडी ठेवून झोपता यावं, हे त्यात गृहीत आहे.

आपल्याकडे ध्वनिप्रदूषण नियम 2000 साली आले. निवासी भागासाठी मर्यादा दिवसा 55, रात्री 45. रात्र म्हणजे 10 ते सकाळी 6. आकडा बघा, तोच 45. म्हणजे कागदावर आपल्यालाही उघड्या खिडकीचा हक्क आहे. आणि प्रत्यक्षात आपल्याला सल्ला काय मिळतो? ‘सर, खिडकी बंद करा ना.’ हाच सल्ला दुकानदार देतो, शेजारी देतो, आणि तक्रार घेऊन गेलं तर कधी कधी तक्रार घेणाराही देतो. हक्क उघड्या खिडकीचा आहे, आणि उपाय सांगितला जातो बंद खिडकीचा. या दोहोंमधली दरी शटर भरून काढू शकत नाही.

या आकड्यांतही एक खोट आहे, तीही सांगून ठेवतो. नियमातले डेसिबल ‘ए’ या मापाने मोजतात. ते माप माणसाच्या कानासारखं वागावं म्हणून खालच्या सुरांना वजावट देतं. सेकंदाला 63 कंपनं असलेल्या सुराला जवळजवळ 26 डेसिबलची वजावट, 100 ला 19 ची. मंद आवाजासाठी हे ठीक. पण डीजेच्या छाती हादरवणाऱ्या ठोक्यालाही हीच सूट मिळते. काचा थरथरतात, म्हातारं माणूस उठून बसतं, आणि यंत्रावरचा आकडा त्या मानाने सभ्य दिसतो. आणि शटर, काच, पडदा, जे जे म्हणून आपण लावतो, त्यातून सगळ्यात जास्त आत येतो तो हाच ठोका. म्हणजे मोजणाऱ्याला तो दिसत नाही आणि अडवणाऱ्याला तो अडत नाही.

बरं, शांतता विकत घ्यायची असं ठरवलं तर कुणाला परवडते? आपल्या माळवदाच्या घरांना मातीच्या जाड भिंती आणि लहानसा झरोका असायचा. ऊन अडवायला केलेली ती रचना आवाजही अडवायची. आज स्लॅब आला, मोठी खिडकी आली. बीडच्या उन्हाळ्यात खिडकी बंद केली की एसी लागतो. एसीचं बाहेरचं यंत्र शेजाऱ्याच्या खिडकीकडे तोंड करून घरघरतं. आमची शांतता आम्ही शेजाऱ्याकडून उसनी घेतली, आणि परत करायची तर गोष्टच नाही. शेजारीही मग शटर लावणार, एसी लावणार. आणि मांजरसुंब्याच्या चौकात धुळे–सोलापूर महामार्गाला लागून पत्र्याच्या शेडमध्ये राहणारा माणूस काय लावणार? ऊसतोडीवरून परतून आलेल्याच्या खोपीला शटर कुठे बसवायचं? तिथे खिडकीच नाही. ज्याच्याकडे खिडकी नाही त्याला ‘खिडकी बंद करा’ म्हणणं, ही नीती नव्हे.

पैशाने तरी मिळते का? लंडनमध्ये कार्लाइल नावाचा मोठा लेखक होता. शेजाऱ्यांचे कोंबडे आणि पियानो यांना कंटाळून त्याने 1853 साली घराच्या वर ध्वनिरोधक खोली बांधायला घेतली. खर्च भरपूर झाला. जवळचे आवाज कमी झाले आणि लांबचे आवाज, आगगाडीच्या शिट्ट्या वगैरे, तिथे ऐकू यायला लागले. आमच्या शटरची ही थोरली बहीण म्हणायची.

आता आमच्या शास्त्रातल्या सगळ्यात मोठ्या माणसाकडे येतो. कांट. ज्याच्या ग्रंथांवर आम्ही आयुष्यभर शिकवलं. 1783 साली त्याने कोनिग्सबर्गमध्ये घर घेतलं, आणि त्या घराजवळ तुरुंग होता. कैदी मोठमोठ्याने भजनं म्हणायचे. कांटने आपला मित्र हिपेल, जो त्या गावचा महापौर होता, त्याला पत्र लिहिलं. काय मागितलं? भजनं बंद करा, असं नाही. गाताना कैद्यांच्या खिडक्या बंद असाव्यात, असं. पुढे 1790 च्या ग्रंथात त्याने संगीताबद्दल तक्रार नोंदवली, की ही कला शेजाऱ्यांना न विचारता त्यांच्यात शिरते. चित्र नको असेल तर नजर फिरवता येते, कान फिरवता येत नाही. सुगंधी रुमाल खिशातून काढणाऱ्या माणसाशी त्याने तुलना केली. त्याचा वास सगळ्यांना घ्यावाच लागतो.

त्या पत्रावर टीकाही करायला हवी. कैदी दुबळे होते, आणि कांट महापौराचा मित्र होता. वरचा माणूस खालच्याला गप्प बसवतो तेव्हाही तो ‘आवाज फार होतो’ असंच म्हणतो. आपल्याकडेही कुणाचा ढोल गोंगाट आणि कुणाचा ढोल संस्कृती, हे जात-धर्म बघून ठरतं. म्हणून माप सगळ्यांना एकच हवं. पण पत्रातलं तत्त्व आम्हाला मोलाचं वाटतं: खिडकी ऐकणाऱ्याने नव्हे, आवाज करणाऱ्याने बंद करायची. आणि मौज अशी की आपला 2000 सालचा नियम अगदी हेच सांगतो. रात्री 10 नंतर ध्वनिवर्धक वापरायचा तर बंदिस्त जागेत, तिथल्या लोकांपुरता. राज्याला वर्षातले 15 दिवस मध्यरात्रीपर्यंत सूट देता येते, तेवढीच. सर्वोच्च न्यायालयाने 2005 मध्ये याला बळ दिलं: बोलण्याच्या स्वातंत्र्यात दुसऱ्याला बळजबरीने ऐकवण्याचा हक्क येत नाही. आणि मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2025 मध्ये म्हटलं की ध्वनिवर्धक हा कोणत्याही धर्माचा आवश्यक भाग नाही.

कुणी म्हणेल, सर, आवाज एवढा वाईट तर पावसाळ्यात इथला धबधबा काय कमी गर्जतो? बरोबर आहे. त्याच्या पायथ्याशी उभं राहिलं तर शेजारच्याशी ओरडून बोलावं लागतं. तरी कपिलधारला येऊन कुणी कान झाकत नाही. आमच्या मते यातून एवढंच सिद्ध होतं की गोंगाट हा नुसता डेसिबलचा प्रश्न नाही. धबधब्याला आपल्याला काही ऐकवायचं नसतं. तो आपली झोप मोडून आपल्यावर हक्क सांगत नाही. डीजे सांगतो. त्रास होतो तो आवाजाचा, आणि त्याहून जास्त होतो तो आपल्याला कुणी मोजलंच नाही याचा. शटर चांगलं बसवलं तर आवाज थोडा कमी करील. न मोजल्याचं दुःख कमी करणार नाही.

म्हणून आमचं सांगणं दोन भागांत. घरापुरतं: आधी फटी बुजवा, मग खिडकीचा प्रकार बदला, शक्य असेल तर आतून हातभर अंतरावर दुसरी खिडकी घ्या, आणि शटर लावायचंच तर ऊन-चोरासाठी लावा, ‘साउंडप्रूफ’ या शब्दासाठी नको. गावापुरतं: जिथे आवाज जन्मतो तिथे त्याची खिडकी बंद करा.

आमचं संपलं. काही प्रश्न असेल तर विचारा.

(एका श्रोत्याचा प्रश्न: सर, आम्ही कार्तिकीला दिंडी घेऊन येतो. पुढे गाडीवर साउंड असतो. तो बंद करायचा का? मग दिंडीत राहिलं काय?)

चांगला प्रश्न विचारलात, दादा, आणि रागाने विचारलात ते बरंच केलंत. दिंडीत टाळ राहिले, मृदंग राहिला, तुमचा गळा राहिला. मन्मथस्वामींच्या काळी साउंड नव्हता, तरी त्यांचं ‘परमरहस्य’ आज आपल्यापर्यंत आलं. त्याच्या पारायणात एक वाचतो आणि बाकीचे ऐकतात. आपल्या परंपरेत श्रवण आधी, मनन नंतर. गाडीवरच्या साउंडमागे चालणाऱ्याला शेजारच्याचा अभंग ऐकू येतो का, तुम्हीच सांगा. तुमच्यावर आम्ही बंदी घालणारे कोण? पण वाटेत एखाद्या गावात, एखाद्या घरात, कुणी आजारी असेल, कुणाची दहावीची पोर अभ्यासाला बसली असेल. तिच्या खिडकीला शटर नसणार. तिच्या दारावरून जाताना तेवढा आवाज खाली घ्या. तुमच्या भक्तीत काही कमी पडणार नाही.

आणि मघाशी आम्ही तो कर्णा बंद करायला लावला, तरी शेवटच्या रांगेतून तुमचा प्रश्न आम्हाला स्पष्ट ऐकू आला. तो माइकशिवाय विचारला होतात.

शरणु शरणार्थ.